पलटणीतला पिचर: बुलेट रोगनची नऊ वर्षं

1911 साली, हिवाळ्याच्या तोंडावर, कॅन्सस सिटीकडचा अठरा वर्षांचा एक पोरगा अमेरिकन लष्करात भरती झाला. भरतीच्या कागदावर त्याने स्वतःचं वय चार वर्षांनी वाढवलं. एकविसाच्या आतल्या मुलाला तेव्हा घरच्यांची लेखी संमती लागे. बावीस म्हटलं की प्रश्नच मिटला. त्या थापेमुळे पुढे कित्येक दशकं त्याचं जन्मसाल 1889 असंच छापलं जात राहिलं. मागाहून संशोधकांनी जुनी दप्तरं चाळली तेव्हा खरं साल 1893 निघालं. चार्ल्स विल्बर रोगन हे त्याचं नाव, पण बेसबॉल त्याला ‘बुलेट’ रोगन म्हणून ओळखतं.

या चार वर्षांच्या फरकाला महत्त्व आहे. रोगन व्यावसायिक लीगमध्ये उतरला 1920 च्या जुलैमध्ये. कागदावरचं वय धरलं तर एकतिशी गाठलेला, खरं वय धरलं तर सत्ताविशीच्या उंबरठ्यावरचा. दोन्ही हिशेबांत तो उशिराच आलेला दिसतो. म्हणून या प्रकरणाकडे पाहणारे बहुतेक जण एकच प्रश्न विचारतात: इतका मोठा खेळाडू इतकी वर्षं लष्करात का अडकला होता? मला प्रश्नातला ‘अडकला’ हा शब्दच खटकतो. 1911 मध्ये त्याच्यासमोर दुसऱ्या कोणत्या वाटा होत्या, हे आधी पाहायला हवं.

भरतीच्या दिवशीचा हिशेब

रोगनचा जन्म ओक्लाहोमा सिटीचा. पुढे कुटुंब कॅन्सस सिटीला आलं. या नावाची दोन शहरं राज्यांच्या सीमेवर एकमेकांना लागून वसलेली, एक कॅन्ससमध्ये आणि दुसरं मिसुरीत. रोगन वाढला कॅन्ससच्या बाजूला. तिथल्या ‘पॅलेसेस कोल्ट्स’ या हौशी संघात तो खेळू लागला, तेही पिचर म्हणून नव्हे तर कॅचर म्हणून. (क्रिकेटच्या चष्म्यातून पाहणाऱ्यांसाठी: पिचर म्हणजे चेंडू टाकणारा, कॅचर म्हणजे साधारण यष्टिरक्षक, पण कॅचर दर चेंडूला पिचरला खुणा करून काय टाकायचं ते सुचवतो. चांगला पिचर होण्याआधी काही काळ त्या जागी उकिडवं बसलेलं असणं, ही फुकट मिळालेली शाळाच.)

गोऱ्यांच्या मोठ्या लीगचा दरवाजा कृष्णवर्णीयांना 1880 च्या दशकापासूनच बंद झाला होता. तसा लेखी नियम कुठेच नव्हता. मालकांमधला अलिखित समझोता होता, आणि लेखी नसल्यामुळे त्याला आव्हान देणंही अवघड होतं. उरले ते कृष्णवर्णीयांचे स्वतंत्र संघ. त्यांत काही फार तगडे होते. शिकागोत रूब फॉस्टरने ‘अमेरिकन जायंट्स’ हा संघ याच 1911 साली उभा केला. पण अशा संघांची कायमस्वरूपी लीग नव्हती, वेळापत्रक नव्हतं, स्वतःचं मैदानही क्वचितच असे. सामना ठरला की खेळायचं, गेटवर जमलेल्या पैशांतला वाटा घ्यायचा, आणि पावसाने सामना बुडाला तर पोटाला चिमटा. दर हंगामात संघ फुटत, नव्या नावाने उभे राहत, पुन्हा फुटत.

याच्या शेजारी लष्कराचा देकार ठेवून पाहा. साध्या शिपायाला पहिल्या करारात महिना 15 डॉलर, वर जेवण, कपडा आणि छप्पर. पाऊस पडला तरी पगार चुकत नाही. आणि त्यात खेळ होता, भरपूर खेळ. अमेरिकन लष्करातले अधिकारी तेव्हा बेसबॉलकडे जवळजवळ औषधासारखं पाहत. दूरच्या छावणीत शेकडो तरुण पोरं, संध्याकाळी करायला काही नाही, बाहेर दारूचे गुत्ते; त्यांना मैदानावर गुंतवून ठेवणं शिस्तीच्या दृष्टीने स्वस्त पडे. छावणीच्या कँटीनच्या नफ्यातून खेळाचं सामान येई. शिवाय रेजिमेंटची इभ्रत संघावर लागलेली असे, त्यामुळे चांगला पिचर हाताशी असलेल्या कर्नलसाहेबांचा रुबाब वाढे. आपल्याकडे सेनादलाचा संघ रणजी खेळतो, त्यामुळे ही व्यवस्था आपल्याला परकी वाटायला नको.

कोणती पलटण?

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, नाहीतर लष्कराचं चित्र फार गुलाबी होईल. तेव्हाच्या नियमित लष्करात कृष्णवर्णीय शिपायांच्या चारच रेजिमेंट होत्या: घोडदळाच्या 9 व्या आणि 10 व्या, पायदळाच्या 24 व्या आणि 25 व्या. वरचे अधिकारी जवळजवळ सगळे गोरे. रोगन आधी 24 व्या पायदळात गेला आणि तिच्याबरोबर फिलिपिन्सला रवाना झाला. 1898 च्या स्पेनबरोबरच्या युद्धानंतर ही बेटं अमेरिकेच्या ताब्यात आली होती. तीन वर्षांचा करार संपल्यावर त्याने पुन्हा सही केली, आणि 1915 मध्ये तो हवाईच्या ओआहू बेटावरच्या स्कोफील्ड बॅरॅक्समध्ये 25 व्या पायदळात दिसतो.

या 25 व्या पायदळाच्या नावामागे एक जखम होती. 1906 मध्ये टेक्ससमधल्या ब्राउन्सव्हिल गावात रात्री गोळीबार झाला, ठपका या पलटणीच्या शिपायांवर आला, आणि राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी कोणताही खटला न चालवता 167 जणांना बडतर्फ केलं. काहींची नोकरी वीस-वीस वर्षांची होती. त्यांच्यावरचा डाग पुसायला 1972 साल उजाडलं. 24 व्या पायदळाची गोष्ट याहून भीषण. 1917 मध्ये ह्यूस्टनमध्ये पोलिसांच्या छळाने पेटलेल्या शिपायांनी बंड केलं आणि पुढे त्यांतल्या 19 जणांना फाशी झाली. रोगन तोवर दुसऱ्या पलटणीत होता. तो 24 वीतच राहिला असता तर काय झालं असतं, हा विचार मनात आल्याशिवाय राहत नाही.

म्हणजे लष्करातली सुरक्षितता पगारापुरती होती. वर्णाच्या बाबतीत गणवेश घातल्याने फार काही बदलत नव्हतं.

‘रेकर्स’

हवाई मात्र या सगळ्यापासून दूर होतं, आणि माझ्या मते रोगनच्या जडणघडणीत सगळ्यांत मोठा वाटा याच बेटाचा. 25 व्या पायदळाच्या संघाला ‘रेकर्स’ म्हणत. मराठीत सांगायचं तर ‘धूळधाण करणारे’. स्कोफील्डमधल्या इतर रेजिमेंटचे गोरे संघ होतेच, शिवाय होनोलुलूत चिनी, जपानी आणि पोर्तुगीज वंशाच्या लोकांचे संघ होते. मुख्य भूमीवर गोऱ्या आणि कृष्णवर्णीय संघांनी एकाच लीगमध्ये वर्षभर खेळणं अशक्यप्राय असताना इथे ते सर्रास चालू होतं. हवामानामुळे हंगाम संपतच नसे. मुख्य भूमीवरच्या खेळाडूला ऑक्टोबर ते मार्च हात बांधून बसावं लागे. रेकर्सना बारा महिने मैदान.

मग संघात कोण कोण होतं ते पाहा. शॉर्टस्टॉपला, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधल्या क्षेत्ररक्षकाच्या जागी, डोबी मूर; आजही कृष्णवर्णीय बेसबॉलमधल्या सर्वोत्तम शॉर्टस्टॉपांच्या यादीत त्याचं नाव येतं. ऑस्कर जॉन्सन, ज्याच्या वजनामुळे आणि फटक्यामुळे त्याला ‘हेवी’ म्हणत. शिवाय लेम्युएल हॉकिन्स आणि बॉब फेगन. हे सगळे पुढे एकाच व्यावसायिक संघात गेले. एका पायदळ रेजिमेंटने एखाद्या लीग संघाचा अर्धा कणा पुरवावा, असं उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

रोगन जेमतेम पाच फूट सात इंच. पिचरसाठी हे अंग लहानच. उंच पिचरच्या हातून चेंडू वरून खाली येतो आणि फलंदाजाला अवघड पडतो. रोगनने ती उणीव दुसरीकडून भरून काढली. बहुतेक पिचर चेंडू टाकण्याआधी हात डोक्यावर नेऊन लांबलचक लय घेत. रोगन ती न घेता थेट टाकत असे. चेंडू कधी सुटेल याचा अंदाज घ्यायला फलंदाजाला वेळच मिळत नसे. त्यावर प्रचंड वेग, म्हणूनच ‘बुलेट’. त्याशिवाय वळणारा चेंडू, दोन बोटांच्या फटीतून सोडलेला फोर्कबॉल, तळव्यात धरून टाकलेला पामबॉल. वेगवान गोलंदाजाच्या भात्यात फिरकीपटूचं सामान असावं, तसं.

आणि ज्या दिवशी तो पिचिंग करत नसे त्या दिवशी आउटफिल्डमध्ये, म्हणजे मैदानाच्या दूरच्या भागात, उभा राहून जडशी बॅट फिरवत असे. गोऱ्यांच्या बेसबॉलमध्ये तोवर पिचर आणि फलंदाज यांच्या वाटा वेगळ्या होत चालल्या होत्या. बेब रूथसारखा माणूसही दोन्ही कामं थोडी वर्षं करून फलंदाजीकडे वळला. रोगनने ती सोडली नाहीत. याचं कारण मला त्याच्या प्रतिभेइतकंच परिस्थितीतही दिसतं. पलटणीचा संघ पलटणीतल्याच माणसांतून निवडायचा असतो, बाहेरून कुणी आणता येत नाही. पुढे व्यावसायिक झाल्यावरही कृष्णवर्णीयांच्या संघांत प्रवासखर्च वाचवण्यासाठी चौदा-पंधरा खेळाडूच असत. अशा ठिकाणी दोन कामं येणाऱ्याला सोन्याचा भाव. पिचिंग आणि फलंदाजी दोन्ही करणाऱ्या शोहेई ओहतानीमुळे या प्रकाराचं आज कौतुक होतं. रोगनच्या जगात ती निकड होती.

स्टेंगलची गोष्ट, आणि तिच्यातलं भोक

1918 मध्ये 25 वं पायदळ हवाईहून हललं. युरोपात महायुद्ध पेटलेलं असताना ही पलटण तिकडे गेली नाही. तिला मेक्सिकोच्या सीमेवर, ॲरिझोनातल्या नोगालेसच्या छावणीत बसवलं गेलं. ओसाड रान, धूळ, आणि अर्थात बेसबॉल.

इथे ती प्रसिद्ध गोष्ट घडते. केसी स्टेंगल, तेव्हा मोठ्या लीगमधला आउटफिल्डर, पुढे न्यूयॉर्क यांकीजचा गाजलेला मॅनेजर. हंगाम संपल्यावर 1919 मध्ये तो एका फिरत्या संघाबरोबर या भागात आला, रेकर्सशी सामना खेळला आणि थक्क झाला. स्टेंगल मूळचा कॅन्सस सिटीचाच. घरी परतल्यावर त्याने संघमालक जे. एल. विल्किन्सन यांना सांगितलं की सीमेवरच्या छावणीत सोनं पडलंय, उचला. विल्किन्सननी उचललं. नोगालेसची छावणी, एक गोरा तारा, एक जाणता मालक: गोष्ट कशी चपखल बसते.

पण रोगन 1917 मध्येच विल्किन्सन यांच्या संघातून खेळून गेला होता. त्यांचा तेव्हाचा संघ होता ‘ऑल नेशन्स’, 1912 मध्ये आयोवातल्या डी मॉइनमध्ये सुरू झालेला आणि नावाप्रमाणे गोरे, कृष्णवर्णीय, मूळनिवासी, क्यूबन, आशियाई अशा सगळ्यांना घेऊन गावोगाव फिरणारा. क्यूबाचा महान पिचर होसे मेंडेझ आणि जॉन डोनाल्डसन हे त्यातले तारे. त्याच वर्षी रोगन लॉस एंजेलिसच्या ‘व्हाइट सॉक्स’ या कृष्णवर्णीय संघाकडूनही खेळला आणि मग पुन्हा पलटणीत परतला. विल्किन्सन यांना तो माहीत होता. स्टेंगलने डोबी मूरबद्दल, हेवी जॉन्सनबद्दल, सगळ्या संघाबद्दल भरभरून सांगितलं असेल, त्याने त्यांच्या हालचालीला वेगही दिला असेल. रोगनचा ‘शोध’ मात्र त्याने लावला नाही.

मला यात नेहमीची खोड दिसते. कृष्णवर्णीय खेळाडूच्या गोष्टीला सुरुवात मिळावी म्हणून एखादा नामांकित गोरा साक्षीदार बोलवावा लागतो.

मग 1917 मध्ये व्यावसायिक चव घेतलेला माणूस पुन्हा शिपाई का झाला? ज्या कारणाने 1911 मध्ये झाला, त्याच कारणाने. ऑल नेशन्स हा फिरता संघ होता. आज इथे, उद्या तिथे. त्यात महायुद्धाने माणसं आणि प्रवास दोन्ही ओढून घेतले, तिथे फिरता संघ किती टिकणार? हौशी, लष्करी, व्यावसायिक अशा तीन पायऱ्या मांडून आपण रोगनला वर चढवत नेतो, पण तो त्यांवरून वरखाली करत होता. पैशासाठी खेळणं आणि पोटासाठी खेळणं यांत तो फरक करत असावा. पोटाची हमी पलटणीत होती.

जे बदललं ते 1920 मध्ये

फेब्रुवारी 1920. कॅन्सस सिटीतल्या पसेओ वायएमसीएमध्ये रूब फॉस्टरने कृष्णवर्णीय संघांच्या मालकांना एकत्र बसवलं आणि आठ संघांची ‘निग्रो नॅशनल लीग’ उभी राहिली. (शब्द त्या काळचा आहे, लीगचं नाव म्हणून तो तसाच ठेवावा लागतो.) ठरलेले सामने, ठरलेले संघ, विजेतेपदाचा हिशेब. कॅन्सस सिटीचा संघ विल्किन्सन यांच्याकडे आला. संस्थापक मालकांत ते एकटेच गोरे होते आणि फॉस्टरच्या मनात सुरुवातीला त्यांच्याबद्दल किंतु होता. पण त्यांच्याकडे खेळाडू होते, मैदानाची व्यवस्था होती, आणि ऑल नेशन्सच्या वर्षांत त्यांनी माणसांना कसं वागवलं हे सगळ्यांना ठाऊक होतं. संघाचं नाव ‘मोनार्क्स’. हे नाव डोनाल्डसनने सुचवल्याचं सांगतात.

आता हिशेब फिरला. खेळून पोट भरण्याची हमी पहिल्यांदाच छावणीबाहेर मिळू लागली, तीही रोगनच्या गावात. जुलैमध्ये तो मोनार्क्सकडे आला. मूरही त्याच वर्षी आला, हॉकिन्स पुढच्या वर्षी, जॉन्सन 1922 मध्ये. रेकर्सचा संघ नोगालेसहून कॅन्सस सिटीला हप्त्याहप्त्याने सरकला असंच म्हणायला हवं.

त्यानंतरचं मी थोडक्यात सांगतो, कारण ते जास्त माहितीतलं आहे. 1923, 1924, 1925 अशी सलग तीन विजेतेपदं. 1924 मध्ये पूर्वेकडच्या लीगचा विजेता हिलडेल आणि मोनार्क्स यांच्यात कृष्णवर्णीय बेसबॉलची पहिली जागतिक मालिका झाली. पहिला सामना रोगनने फिलाडेल्फियात 6-2 असा जिंकून दिला. मालिका दहा सामने चालली, एक बरोबरीत सुटला, आणि पाच-चार अशी मोनार्क्सनी घेतली. शेवटच्या सामन्यात उतारवयाला लागलेला मेंडेझ स्वतः उतरला आणि हिलडेलला शून्यावर रोखून गेला.

1925 मध्ये तेच दोन संघ पुन्हा भिडले, पण रोगन बाहेर. घरी लहानग्या मुलाबरोबर खेळताना गुडघ्यात सुई घुसली होती. मोनार्क्स 5-1 असे हरले. एका सुईचं मोल किती असतं!

आणि 1926. मेंडेझनंतर मॅनेजरपद रोगनकडे आलं होतं. शिकागो अमेरिकन जायंट्सविरुद्ध विजेतेपदाची मालिका, शेवटच्या दिवशी दोन सामने, मोनार्क्सना त्यांतला एकच हवा होता. पहिल्यात रोगन विरुद्ध बिल फॉस्टर, रूबचा सावत्र भाऊ. 1-0, फॉस्टर जिंकला. दुसऱ्या सामन्याआधी रोगनला दिसलं की फॉस्टर पुन्हा हात गरम करतोय. मग तोही पुन्हा उतरला. मॅनेजर म्हणून ताज्या दमाचा दुसरा पिचर धाडणं शहाणपणाचं होतं. पण मॅनेजर आणि पिचर एकच माणूस असला की असे निर्णय होतात. 5-0. मालिका गेली. त्याच्या कडक शिस्तीबद्दल खेळाडू कुरकुरत, लष्करी खाक्या म्हणत. त्या दुपारी मात्र मला त्याच्यात शिस्तीपेक्षा हट्ट जास्त दिसतो.

वहीत न चढलेली वर्षं

रोगन 1938 पर्यंत खेळला. खऱ्या वयाने पंचेचाळिसाव्या वर्षापर्यंत, कागदावरच्या वयाने एकोणपन्नासाव्या! त्यानंतर 1946 पर्यंत अंपायरिंग, आणि टपाल खात्यात नोकरी. पुन्हा सरकारी पगार. खेळाडू म्हणून त्याची निवृत्ती झाल्यावर सात वर्षांनी दुसरा एक माजी लष्करी माणूस मोनार्क्सच्या दारात आला: लेफ्टनंट जॅकी रॉबिन्सन. बसमध्ये मागे जाऊन बसायला नकार दिल्याबद्दल कोर्टमार्शल होऊन निर्दोष सुटलेला. मोनार्क्सना चांगल्या खेळाडूंची गरज आहे हे त्याला छावणीतच एका खेळाडूकडून कळलं होतं. तिथून तो दोन वर्षांत मोठ्या लीगमधल्या ब्रूकलिन डॉजर्सला पोचला. रोगनला छावणीहून मोनार्क्सपर्यंत यायला नऊ वर्षं लागली, आणि मोनार्क्सच्या पुढे वाट नव्हती.

4 मार्च 1967 रोजी तो कॅन्सस सिटीत वारला. कूपर्सटाउनच्या हॉल ऑफ फेममध्ये नाव लागलं 1998 मध्ये. डिसेंबर 2020 मध्ये मेजर लीग बेसबॉलने 1920 ते 1948 मधल्या कृष्णवर्णीय लीगना मोठ्या लीगचा दर्जा दिला, आणि 2024 मध्ये त्यांचे आकडे अधिकृत नोंदींत मिसळले. त्या नोंदींत आज रोगन आहे: पिचर म्हणून सुमारे 120 विजय, आणि फलंदाज म्हणून 0.330 च्या वरची सरासरी. बेसबॉलमध्ये दहापैकी तीनदा यश मिळवणारा फलंदाजच मोठा मानतात, आणि हा तर मुळात पिचर.

या नोंदी सुरू होतात 1920 पासून. स्कोफील्डच्या मैदानावर त्याने विशीतली वर्षं घालवली, जेव्हा खांदा सगळ्यांत ताजा असतो, ती त्यांत नाहीत. ते सामने हौशी ठरले, कारण खेळणाऱ्याला पगार शिपाई म्हणून मिळत होता.